उरलेली अकरा कबुतरं हैदराबादला पाठवू का?

पत्र:

नमस्कार. मी उत्तर नागपुरात राहतो, खासगी नोकरी करतो. शाळेत असताना मामांनी होमरचा, म्हणजे लांबून सोडलं तरी घरी परतणाऱ्या कबुतरांचा, एक जोडा दिला, तेव्हापासून हा नाद लागला. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या क्लबात शर्यती खेळतो: कबुतरं टोपल्यांत भरून लांबच्या गावी सोडायची आणि ती किती वेगानं घरी येतात ते मोजायचं. यंदाचा हंगाम मात्र नको वाटावा असा गेला. संक्रांतीत मांज्यानं तीन कबुतरं कापली. जानेवारीत बर्ड फ्लूच्या बातमीमुळे क्लबनं दोन आठवडे सराव बंद ठेवला. फेब्रुवारीत गारपिटीनं एक शर्यत पुढे गेली आणि मग सगळं एकावर एक आलं. आदिलाबादच्या शर्यतीत कबुतरं एक दिवस जास्तीची टोपल्यांतच राहिली आणि दुसऱ्या सकाळी ढगाळ हवेत सोडली. क्लबची निम्म्याहून जास्त परतलीच नाहीत. माझी चोवीस गेली होती. चार दिवसांत अकरा आली.

वेळ कमी म्हणून निर्मलची शर्यत रद्द झाली, आता मार्चअखेर थेट हैदराबाद आहे. हंगामाच्या सरासरीत मी तिसरा आहे. सेक्रेटरी म्हणतात, "कबुतरं तं जातच असतात, आता मागं हटला तं वर्षाची मेहनत पाण्यात." आई म्हणते, सगळी विकून टाक. शेजारच्या काकू त्यांच्या खोकल्याचा दोष आमच्या ढाबळीला देतात आणि महापालिकेत तक्रार करीन म्हणतात. मानेवाड्याकडच्या एका मेंबरची आदिलाबादहून त्याच दिवशी नऊ कबुतरं आली. त्याबद्दल क्लबात कुजबुज आहे, मलाही शंका येते. काय करू?

ता. क. काल वणीहून एका दुकानदाराचा फोन आला. पायात माझी नंबरची रिंग असलेलं एक कबुतर त्यांच्या गच्चीवर बसलंय म्हणाले.

— ढाबळवाला, नागपूर


ढाबळवाले भाऊ,

नका पाठवू. अकराही नको, त्यातली "चांगली चार"ही नको.

हैदराबादहून तुमच्या गच्चीपर्यंत सरळ रेषेत साधारण सव्वाचारशे किलोमीटर होतात. हवा शांत असेल तर तयारीतलं होमर मिनिटाला बाराशे मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरतं. सकाळी साडेसहाला सोडलं तर साडेबाराच्या आत घरी. सेक्रेटरींच्या डोक्यात हाच हिशेब असणार, आणि जानेवारीत तो बरोबरही ठरला असता. मार्चअखेर आपल्याकडे वायव्येचा कोरडा वारा सुरू झालेला असतो आणि दक्षिणेकडून येणाऱ्या कबुतराला तो तोंडावर किंवा डाव्या खांद्यावर लागतो. अशा वाऱ्यात वेग साडेआठशेवर आला तर तेच कबुतर पावणेतीनच्या सुमारास पोचेल. पावणेतीनला आपण गच्चीवर चप्पल घातल्याशिवाय पाय ठेवत नाही.

कबुतराला घाम येत नाही. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंशांच्या आसपास असतं. ते धापा टाकून, घसा फडफडवून, आतलं पाणी वाफेनं घालवून अंग थंड ठेवतं. हवा तापली आणि पंख चालूच राहिले की पाणी भराभर संपतं. मग ते नदी-तलाव शोधत खाली येतं आणि अनोळखी पाण्यावर उतरलेलं दमलेलं कबुतर म्हणजे मांजर, शिक्रा आणि गुलेलवाली पोरं यांच्यासाठी आयतं ताट. त्यातून यंदा मधली पायरीच नाही. आदिलाबाद पावणेदोनशे, निर्मल दोनशे चाळीस, मग हैदराबाद, असा जिना असतो. निर्मल गेलं म्हणजे तुमची कबुतरं पावणेदोनशेवरून एकदम सव्वाचारशेवर उडी मारणार. तीही अशी कबुतरं, ज्यांतली काही चार दिवस बाहेर उपाशी राहून छातीचं मांस जाळून आली आहेत. ते मांस आठ-दहा दिवस दाणा घालून वजनात परत येतं, उडण्याच्या ताकदीत इतक्या लवकर येत नाही.

सेक्रेटरी म्हणतात तसं कबुतरं जातात, यात खोटं काही नाही. ज्याला एकही गमवायचं नाही त्यानं लोटन नाहीतर लक्का असली शोभेची कबुतरं पाळावीत. पण जाण्याजाण्यात फरक आहे. ससाण्यानं नेलं, विजेच्या तारेवर आदळलं, हा खेळाचा भाग झाला. पत्रिका छापून झाली म्हणून मांडव जळत असताना लग्न लावणं हा नाही. तुमच्या क्लबची या हंगामातली पत्रिका डिसेंबरात ठरली होती आणि त्यानंतर तिच्यातलं एकही गृहीत खरं उरलं नाही. तरी तारीख तीच, शेवटचं ठिकाण तेच. कठीण हंगामात कबुतरबाजाचं कौशल्य टोपली भरण्यात कमी आणि न भरण्यात जास्त दिसतं, आणि तो निर्णय टोपलीवर ज्याचा हात आहे त्यालाच घ्यावा लागतो. तो कमिटीच्या मिटिंगमध्ये होत नाही.

आदिलाबादला काय झालं ते नीट समजून घ्या, कारण अशा शर्यतीनंतर "माझं ब्रीडच कच्चं निघालं" असं मनात येतं. मला तसं वाटत नाही.

होमर घरी येतं ते एका युक्तीवर नाही. सूर्याची जागा आणि अंगातलं घड्याळ यांचा मेळ घालून ते दिशा धरतं. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला जाणवतं, वासाचाही उपयोग होतो आणि घराजवळ आलं की रस्ते, नद्या, तलाव ओळखतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम कीटन यांनी १९७१ साली एक गाजलेलं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी काही कबुतरांच्या अंगावर छोटे चुंबक चिकटवले. उन्हात सोडली तर अनुभवी कबुतरं चुंबकासकट बरोबर दिशेला गेली, पण पूर्ण ढगाळ दिवशी चुंबकवाली गोंधळली. म्हणजे सूर्य आहे तोवर कबुतर सूर्यावर भिस्त ठेवतं, तो झाकला की दुसऱ्या होकायंत्राकडे वळतं. पुढच्या काळात या प्रयोगांवर बरीच चर्चा झाली, ती सोडून द्या. आपल्यासाठी कामाची गोष्ट वेगळी आहे: त्याच कामात पहिल्यांदाच सोडलेली कोवळी कबुतरं ढगाळ दिवशी चुंबक नसतानाही चाचपडली. ढगात वाट काढायला कबुतराच्या गाठीशी उड्डाणं लागतात.

आता तुमची फेब्रुवारी बघा. जानेवारीतले सरावाचे दोन आठवडे गेले. म्हणजे पट्ठ्यांना, कोवळ्या कबुतरांना, दक्षिणेकडच्या बुटीबोरी, जाम, हिंगणघाट या गावांहून सरावाच्या पायऱ्या पुरत्या मिळाल्याच नाहीत. तशात टोपलीत एक जादा रात्र. टोपलीत दाटीनं बसलेलं कबुतर नीट पाणी पीत नाही. जे दाणा खातं ते पाण्याविना खातं आणि आणखी कोरडं पडतं. मग ढग. वाटेत पैनगंगेचं खोरं आणि पांढरकवड्याच्या बाजूचं टिपेश्वरचं जंगल. हिवाळ्यात बहिरी ससाणा आपल्या भागात असतोच. त्यानं थव्यावर एक झेप घेतली की थवा फुटतो, आणि फुटलेल्या थव्यातल्या अर्धवट शिकलेल्या पट्ठ्यांना पुढे कोणाच्या मागे जायचं तेच कळत नाही. असल्या सकाळी कोणाचंही ब्रीड पास झालं नसतं.

जगातल्या सगळ्यात जुन्या संस्थांवरही अशी पाळी आलेली आहे. ब्रिटनच्या रॉयल पिजन रेसिंग असोसिएशनच्या शतकमहोत्सवी शर्यतीत, १९९७ च्या जूनमध्ये, फ्रान्समधल्या नांतहून सुमारे ६०,००० कबुतरं सोडली होती. त्यांतली हजारो कधीच घरी पोचली नाहीत. त्याच सकाळी कॉन्कॉर्ड विमान इंग्लिश खाडीवरून आवाजाच्या वेगापुढे गेलं, त्याच्या दणक्यानं कबुतरांची दिशा बिघडली असावी असा एका अमेरिकन भूवैज्ञानिकानं तर्क मांडला. तो पटो न पटो, त्या लोकांनी निदान कारण शोधलं. तुमच्या क्लबात अजून तेही सुरू झालेलं दिसत नाही, कुजबुज तेवढी सुरू झालीय.

त्या कुजबुजीवर येतो. मानेवाडा दक्षिणेला, तुम्ही उत्तरेला. आदिलाबादहून येणारं कबुतर त्यांच्या लॉफ्टवर, म्हणजे ढाबळीवर, आधी येतं, हे उघड आहे. अंतर भागिले वेळ असा वेग काढला की हा फरक मिटायला हवा, पण पूर्ण मिटत नाही. वारा पाठीवर असेल तर लांबचं लॉफ्ट फायद्यात राहतं, तोंडावर असेल तर जवळचं. कारण दमलेल्या कबुतराला शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर सगळ्यात महाग पडतात. शिवाय तुमच्या कबुतराला शहराच्या दक्षिण टोकाला उतरणाऱ्या सोबत्यांना सोडून एकट्यानं पूर्ण नागपूर ओलांडून यायचं असतं. थवा सोडून पुढे जाणं हा कबुतराच्या स्वभावाविरुद्धचा भाग आहे, तो सरावानं येतो.

दुसरी शक्यता, त्या गृहस्थांनी स्वतःच्या गाडीनं मधल्या वारी जाम-हिंगणघाटहून सराव दिला असेल. त्याला लबाडी म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात. पण क्लबनं बर्ड फ्लूसाठी थांबवलेल्या दोन आठवड्यांत दिला असेल, तर ते शिस्तीला सोडून झालं आणि मिटिंगमध्ये तोंडावर विचारण्यासारखं आहे. २०२४ संपता संपता इथे गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि जानेवारीत बर्ड फ्लूचा अहवाल आला, हे या शहरात कोणी विसरलेलं नाही. उद्या एखाद्या ढाबळीमुळे सगळ्यांच्या ढाबळींवर बंदी यायची. तिसरी शक्यता घड्याळाची, म्हणजे कबुतर पोचल्याची वेळ नोंदवणाऱ्या यंत्रातल्या गडबडीची. तिथं शंका काढत बसू नका, कागद मागा. टोपलीत घालताना कबुतराच्या पायात घातलेल्या रबराचा नंबर शीटवर असतो, तोच घड्याळातून निघायला हवा. शर्यतीआधी घड्याळं मुख्य घड्याळाला लावल्याची आणि नंतर तपासल्याची नोंद असते. इलेक्ट्रॉनिक असेल तर प्रिंट निघते. हे बघायचा हक्क प्रत्येक मेंबरला असायला हवा. जुळलं तर त्यांना चहा पाजा आणि ते सराव कसा देतात ते विचारा. माझा अंदाज आहे की तुम्ही शेवटी चहाच पाजाल.

शर्यतीतून बाहेर पडा, क्लबातून नको. रुसून घरी बसलात तर पुढच्या डिसेंबरातही हीच पत्रिका छापली जाईल. मिटिंगला जा आणि तिसरा नंबर सोडून आलोय हे सांगूनच बोला, म्हणजे स्वार्थाचा आरोप येणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर एकाच मुद्द्यावर जोर दिला असता: न सोडण्याचा शेवटचा अधिकार सोडायच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला. नागपुरात बसून फोनवर "सोडा सोडा" म्हणणाऱ्याला नव्हे. त्या माणसानं पहाटे तीन ठिकाणची हवा विचारावी. सोडायच्या जागेची त्याला दिसतेच, हिंगणघाटची एखाद्या ओळखीच्याला फोन करून कळते, नागपूरची आपण सांगतो. आदल्या संध्याकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा बघितला तर निम्मं काम तिथंच होतं. विजांचा किंवा गारांचा इशारा असेल तर गाडीच निघू नये. पोचल्यावर हवा बिघडली तर एक दिवस थांबा, चारा-पाणी नीट करा. तरी नाही उघडलं तर कबुतरं गाडीनं परत आणा. डिझेलचे पैसे जातात, माहीत आहे. क्लबनं फेब्रुवारीत गमावलेल्या कबुतरांची किंमत काढून त्याशेजारी डिझेलचा आकडा ठेवा.

याच मिटिंगमध्ये जमलं तर एवढंही पदरात पाडून घ्या की पुढे गेलेली शर्यत मार्चमध्ये कोंबायची नाही, रद्द करायची. विदर्भात होमरचा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चचा पहिला पंधरवडा. त्यापुढची लांब शर्यत म्हणजे उन्हाशी पैज, आणि ती लावतो आपण, भरतात कबुतरं.

आता ती अकरा. "वाचली ती सगळी सोनं" असं धरून लगेच जोडे लावू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी आलेली, पंख घट्ट, डोळा तेजदार, आल्या आल्या सापळ्यातून, म्हणजे ढाबळीच्या एकतर्फी दारातून, आत शिरलेली एका बाजूला ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आलेली दुसऱ्या बाजूला. त्यांतलं एखादं शूर असेल, एखादं नुसतं नशीबवान असेल, आणि हे आज हातात धरून कळत नाही. पुढच्या हंगामात कळेल. पहिल्या गटातल्यांवर मात्र पिल्लं काढायला हरकत नाही. अंड्यावर बसल्यापासून सतरा-अठरा दिवसांत पिल्लू बाहेर येतं, तेव्हा आत्ता जोडा लावला तर पिल्लं एप्रिल-मेच्या उन्हात वाढतील. म्हणून मी मार्चमध्ये घाई करणार नाही. पावसाळा सरता सरता, पिसं टाकून झाली की, शांतपणे लावा. तुम्हाला राहवणारच नसेल तर एकच फेरी काढा, ढाबळीवर गोणपाट टाकून दिवसातून दोनदा ओलं करा आणि पाणी सावलीत मातीच्या भांड्यात ठेवा.

सगळ्यांचं तोंड उघडून घसा बघा. पिवळसर, पनीरसारखा थर दिसला तर तो कँकर, टोपलीतल्या एकत्र पाण्यातून पसरतो. मान वाकडी, दाणा टिपताना नेम चुकणं, पाण्यासारखी विष्ठा असं काही दिसलं तर ते कबुतर त्याच मिनिटाला वेगळं करा. ही लक्षणं ज्या विषाणूची, तो कोंबड्यांच्या मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या, कुळातलाच आहे आणि अख्खी ढाबळ बसवतो. त्यावर औषध नाही, लस आहे, ती निरोगी कबुतरांना आधी द्यावी लागते. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विष्ठेचा नमुना घेऊन जा, तपासणी करून घ्या आणि लसीचंही तिथंच विचारा. आपल्या कबुतरबाजांना एक वाईट खोड आहे. शर्यत बिघडली की मेडिकलमधून तीन रंगांच्या पुड्या आणायच्या आणि सगळ्या पाण्यात ढवळायच्या. कशासाठी देतोय ते माहीत नसताना दिलेलं अँटिबायोटिक आजार झाकतं आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. तपासणीशिवाय काही देऊ नका.

खाण्यात फार विद्वत्ता नको. थकून आलेल्याला आधी पाणी, त्यात थोडं ओआरएस, मग हलका दाणा: बाजरी, ज्वारी, थोडी करडई. दोन दिवसांनी वाटाणा, मूग, हरभरा वाढवा, म्हणजे छाती भरेल. शिंपल्यांचा चुरा, विटेची भुकटी, चिमूटभर मीठ यांचा ग्रिट कायम ताजा ठेवा. सकाळ-संध्याकाळ घराभोवती मोकळं उडू द्या, पण ऊन चढायच्या आत डबा वाजवून आत घ्या.

तिसऱ्या नंबराचं मी काही बोलत नाही, तो तुम्ही मनातून सोडलेला दिसतोय. नाहीतर मला पत्र लिहिलं नसतं, टोपली भरली असती.

आईंना सांगा, विकायची ठरवली तरी मोठी विकता येत नाहीत. म्हणजे विकता येतात, पण घेणाऱ्यानं जाळीत कोंडून ठेवली नाही तर ती आठवड्यात तुमच्याच गच्चीवर असतील आणि तो पैसे परत मागायला खाली उभा असेल. आईंची खरी तक्रार काय आहे ते मात्र विचारून घ्या. ढाबळ झाडायला तुम्ही कामावर असताना त्याच लागतात का? तसं असेल तर ते आजपासून बंद करा. कबुतराच्या सुक्या विष्ठेची आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते, कधी कायमची इजाही होते, हे वैद्यकशास्त्रातलं जुनं दुखणं आहे आणि कबुतरं पाळणाऱ्यांनाच ते जास्त होतं. खरवडण्याआधी पाणी शिंपडा, चांगला बसणारा मास्क लावा, कपडे बदलून घरात या. तुम्हालाही कोरडा खोकला किंवा जिना चढताना दम लागत असेल तर डॉक्टरांना कबुतरं पाळतो हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

काकूंशी वाद घालू नका, त्यांची भीती हवेतली नाही. २०२५ साली मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून एवढं रान उठलं, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं असणार. रस्त्यावर पोत्यानं दाणे टाकून पारव्यांचे थवे जमवणं वेगळं आणि मोजकी, तपासलेली, रिंगवाली कबुतरं बंद ढाबळीत ठेवणं वेगळं, पण हा फरक भाषण करून पटत नाही, डोळ्यांनी दिसावा लागतो. त्यांच्या बाजूच्या जाळीला पत्रा किंवा हिरवं कापड लावा. विष्ठा रोज पोत्यात बांधून ठेवा, कुंड्या असलेल्या कोणालाही ती कुजवल्यावर खत म्हणून हवी असते. गच्चीवर उघड्यावर दाणा टाकू नका, त्यानं रस्त्यावरचे पारवे येतात, तेच काकूंच्या खिडकीत बसतात आणि तेच तुमच्या ढाबळीत आजारही आणतात. एवढं करून एकदा काकूंना वर बोलावून ढाबळ दाखवा. तरी खोकला थांबला नाही तर तपासणीला त्यांच्यासोबत जा. तक्रार झालीच तर महापालिकेच्या माणसाला दाखवायला स्वच्छ जागा आणि तपासणीचे कागद हाताशी असतील.

मांज्याचं काय सांगू? राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन मांज्यावर २०१७ साली देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेऊन प्रशासनाला धारेवर धरलं, तरी संक्रांतीला आपल्या आकाशात तो असतोच. जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि त्यानंतरचा आठवडाभर कबुतरं दिवसा बाहेर काढूच नका; उजाडता उजाडता वीस मिनिटं उडवा, पतंगवाले गच्चीवर यायच्या आत बंद करा. आजूबाजूच्या झाडांवर आणि तारांवर अडकलेला मांजा फेब्रुवारीपर्यंत कापत राहतो. हात पोचेल तेवढा स्वतः काढा, तारांवरचा वीज कंपनीच्या माणसाकडून काढून घ्या.

आणि तो वणीचा फोन. तुम्ही ताज्या कलमात घातलाय, पण सगळ्या पत्रात मला तोच सगळ्यात मोलाचा वाटला. आदिलाबाद-नागपूर रेषा नकाशावर ओढून बघा. वणी तिच्या पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवर पडतं. म्हणजे हे कबुतर पश्चिमेच्या वाऱ्यानं बाजूला ढकललं गेलेलं दिसतं, आणि एक ढकललं गेलं तर त्या थव्यातली आणखीही गेली असतील. क्लबातल्या सगळ्यांना सांगा, शोध हिंगणघाट-पांढरकवड्याला नको, वरोरा, भद्रावती, चंद्रपूरच्या बाजूला घ्या. तिथल्या कबुतरं पाळणाऱ्यांना आणि धान्याच्या गोदामवाल्यांना फोन करा, कारण हरवलेलं होमर बहुतेक वेळा पारव्यांच्या थव्यात शिरून दाण्याच्या जागी जातं. आपल्या कळमना मार्केटच्या शेडमध्येही एकदा चक्कर मारा.

दुकानदारांना सांगा की लगेच उडवू नका. आधी पसरट भांड्यात पाणी ठेवा, मग मूठभर ज्वारी. फळांच्या खोक्याला भोकं पाडून रात्री त्यात ठेवा, मांजरीपासून दूर. रिंगचा आणि छातीचा फोटो मागवा. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं दिसत असेल तर उडवूच नका, रविवारी एसटीनं जाऊन घेऊन या. भरलेलं असेल तर दोन दिवस खाऊन झाल्यावर, ऊन पडलेल्या सकाळी, सातच्या सुमारास मोकळ्या जागी सोडायला सांगा. तिथून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. आल्यावर बाकीच्यांत मिसळायच्या आधी दहा दिवस वेगळ्या पेटीत ठेवा. आणि दुकानदारांना ज्वारीचे पैसे आजच पाठवून द्या, ते मागतील याची वाट बघू नका.